सात गुरुवार, एक जाकीट : आना झेगर्स गावच्या वाचनालयात कशी वाचावी

पहिल्या दिवशी चरित्र सांगू नका.

मी सांगितलं होतं. तीन पावसाळ्यांपूर्वी, जुलैतल्या एका गुरुवारी, गोव्यात माशेलला आमच्या वाचनालयाच्या माडीवर मी जर्मन लेखिका आना झेगर्सवर सव्वा तास बोलले. जन्म १९ नोव्हेंबर १९००, गाव ऱ्हाइनकाठचं माइन्त्स, खरं नाव नेटी रायलिंग, वडिलांचा जुन्या कलावस्तूंचा व्यापार, हाइडेलबर्गची डॉक्टरेट, प्रबंधाचा विषय रेम्ब्राँटच्या चित्रांतले ज्यू. नमनालाच घडाभर तेल. अकरा माणसं आली होती, पुढच्या गुरुवारी चारच आली. आमच्याकडचे निवृत्त पोस्टमन मला बाजारात भेटले आणि म्हणाले, “बाई, ती लेखिका मोठी असणार. पण तिनं लिहिलं काय, ते तुम्ही सांगितलंच नाही.”

त्यांचं बोलणं मला लागलं आणि पटलंही. पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवताना धड्याआधीचा लेखक-परिचय मुलं कोणत्या चेहऱ्यानं ऐकतात ते मी रोज पाहत होते, तरी माणसांपुढे उभी राहिल्यावर तेच केलं. दुसऱ्या वर्षी नव्यानं सुरुवात केली ती एका जाकिटापासून. त्या वर्षी नऊ माणसं सातही गुरुवार आली. एका गुरुवारी संध्याकाळी वीज नव्हती, तेव्हा मेणबत्त्या लावून बसलो.

ती पद्धत इथं लिहिते आहे. आठ-दहा माणसांचा गट, आठवड्यातून दोन तास आणि एक कादंबरी एवढं असलं की जमतं. वाचणाऱ्यांपैकी कुणाला जर्मनी ठाऊक असायची गरज नाही.

कादंबरी कोणती घ्यायची

‘सातवा क्रूस’ घ्या. १९३७च्या शरद ऋतूत नाझींच्या छळछावणीतून सात कैदी पळतात. छावणीचा कमांडंट फारेनबेर्ग बराकीसमोरच्या सात झाडांचे शेंडे छाटून त्यांच्यावर खांद्याच्या उंचीला आडव्या फळ्या ठोकायला लावतो. एक कैदी, एक क्रूस, आणि सात दिवसांत सातही भरायचे, असा त्याचा पण असतो. सहा जण सापडतात किंवा मरतात. सातवा क्रूस रिकामा राहतो, कारण गेओर्ग हायस्लर निसटतो. हे पहिल्या दोन पानांतच सांगून टाकलेलं आहे. त्यामुळे ‘तो वाचेल का’ हा प्रश्न वाचकाच्या मनातून जातो आणि ‘तो वाचला कसा’ हा राहतो. गटात वाचायला ही रचना फार सोयीची, कारण शेवट फोडला म्हणून कुणी रुसत नाही.

कादंबरी सात प्रकरणांची, गोष्ट सात दिवसांची, म्हणून आपले गुरुवारही सात.

पुस्तक घेताना एक काळजी घ्या. १९४२ साली अमेरिकेत आलेला पहिला इंग्रजी अनुवाद काटछाट केलेला होता. मार्गो बेटाउअर डेम्बो यांचा २०१८चा अनुवाद पूर्ण आहे. छोट्या छोट्या माणसांवरच ही सगळी पद्धत उभी आहे आणि काटछाटीत तीच आधी जातात, तेव्हा पूर्ण अनुवादच मिळवा. नऊ माणसांना तीन प्रती पुरल्या.

तुमचा गाव समुद्रकाठचा असेल आणि माणसांना मोठी कादंबरी झेपणार नसेल, तर तिची १९२८ची छोटी कादंबरी आहे, सांक्ट बार्बाराच्या मच्छीमारांच्या उठावाची. वाट्यासाठी आणि भावासाठी कंपनीशी झगडणारे आणि हरणारे मच्छीमार आहेत त्यात. याच पुस्तकासाठी तिला क्लाइस्ट पारितोषिक मिळालं. सत्तरच्या दशकात ट्रॉलरांविरुद्ध उतरलेले गोव्यातले रापणकार मच्छीमार ज्यांनी पाहिलेत त्यांना ती परकी वाटणार नाही. मी ती गटात घेतलेली नाही, घरी वाचली आहे.

वाचायचं इंग्रजीत, सांगायचं मराठीत

आमच्यातल्या नऊपैकी चौघांना इंग्रजी कादंबरी सलग वाचता येत नाही. म्हणून दर आठवड्याला एकेक ‘सांगणारा’ ठरवला. तो घरी प्रकरण वाचून येतो आणि चाळीस मिनिटांत मराठीत सांगतो. मध्येच कोकणीवर गेला तरी कुणी अडवत नाही. कीर्तनं ऐकलेली माणसं आहोत, आख्यान ऐकायचं कसं ते आम्हाला कुणी शिकवायला नको. सांगणाऱ्याला एकच अट घाला, पदरचं काही घालायचं नाही. ही लेखिका भावना फार मोजून लिहिते. एखादा म्हातारा वाटेत मरतो तेव्हाही ती हुंदका काढत नाही, आणि आपण काढला की तिचं वाक्य मोडतं.

त्यानंतर त्याच प्रकरणातली दोन पानं कुणीतरी आधी मराठीत करून आणलेली असावीत. ती मोठ्यानं वाचायची. दोनच पानं, पण शब्दशः. हे काम मी पहिल्या तीन आठवड्यांत स्वतः केलं, मग माझ्या सुनेनं घेतलं. तिची भाषांतरं माझ्यापेक्षा सरस आहेत, तिला पल्लेदार वाक्यांचा मोह नाही.

नावांवर गाडं अडतं, हे आधीच धरून चला. फ्युलग्राबे, आल्डिंगर, ल्योवेनश्टाइन, मेटेनहायमर अशी तीसएक माणसं येतात. आम्ही जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठी कापून चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठीवर नाव, धंदा आणि गेओर्गविषयी त्याला काय ठाऊक आहे, एवढं लिहायचं. वालाऊ, पुढारी, सगळं ठाऊक. बेलोनी, कसरतपटू. मेटेनहायमर, भिंतींना कागद लावणारा कारागीर, गेओर्गचा सासरा, काहीच ठाऊक नाही, पण चौकशीला त्यालाही नेतात. दुसऱ्या आठवड्यापासून लोक नावं सोडून ‘तो कागदवाला’, ‘ती डॉक्टरची चिठ्ठी’ असं बोलू लागले आणि गोंधळ मिटला. लेखिकेचं आडनाव मात्र नीट म्हणा, झाडातला झ घेऊन झेगर्स.

भिंतीवर नकाशा हवाच. वोर्म्स, ओस्टहोफेन, माइन्त्स, फ्रांकफुर्ट ही चार गावं आणि ऱ्हाइन नदी काढली की पुरे. कादंबरीतली वेस्टहोफेन छावणी काल्पनिक आहे, पण ओस्टहोफेन गावात १९३३ साली खरीच छळछावणी होती. सगळी पळापळ कितीशा मुलखात होते ते नकाशावर दिसतं. गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पेडणे ते काणकोण, एवढंही अंतर नाही. माणूस आपल्याच मुलखात, आपल्याच बोलीत, ओळखीच्या पुलांवरून पळतो आहे, आणि कुठल्या दारावर थाप मारावी ते त्याला कळत नाही. हे आमच्या लोकांना नकाशा पाहून जेवढं उमगलं तेवढं माझ्या बोलण्यातून उमगलं नसतं.

पहिला गुरुवार : झाडं आणि जाकीट

‘क्रूस’ हा शब्द आला की गोव्यात प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर चुन्यानं रंगवलेला, फुलांची माळ घातलेला खुरीस उभा राहतो, वळणावरचा नाहीतर पुलाच्या तोंडाशी असलेला. तो आधी बाजूला ठेवायला सांगा आणि फळ्यावर कादंबरीतलं झाड काढा. शेंडा नाही, फांद्या नाहीत, खांद्याएवढ्या उंचीवर आडवी फळी. आमच्या गटात एक ख्रिस्ती शिक्षिका आहेत. त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “हो खुरीस न्हय, हो फक्त खांबो.” मी त्यांचं वाक्य फळ्यावर चित्राखाली लिहून ठेवलं.

आता जाकीट. गेओर्ग पळताना कुंपणावरच्या काचांनी हात कापून घेतो आणि एका शेतकी शाळेच्या आवारात लपतो. अंगावरचे छावणीचे कपडे झाकायला तिथलं एक जाकीट उचलतो. ते फ्रिट्झ हेल्विग नावाच्या पोराचं. चांगल्या जाड कापडाचं, झिपचं जाकीट, पोराच्या जिवाचा तुकडा. फ्रिट्झ नाझींच्याच युवक संघटनेतला, त्याला शंका नाही, प्रश्न नाहीत. जाकीट गेलं म्हणून तो हळहळतो, चोर पकडला जावा असं त्याला मनापासून वाटतं.

मग दिवस जातात. पोर ऐकतं, पाहतं, शाळेच्या म्हाताऱ्या माळ्याशी बोलतं. त्या पळालेल्या माणसाचं काय होणार हे त्याच्या डोक्यात हळूहळू शिरतं. तिकडे गेओर्गनं ते जाकीट एका नाववाल्याला देऊन त्याचा स्वेटर घेतलेला असतो. जाकीट पोलिसांच्या हाती लागतं आणि ओळख पटवायला फ्रिट्झला बोलावतात. त्यानं ‘हो, माझंच’ म्हटलं की गेओर्ग कोणत्या वाटेनं गेला ते कळणार. समोर त्याचं लाडकं जाकीट आहे. आणि तो सांगतो, हे माझं नाही.

त्यानं एवढंच केलं. गेओर्गला त्यानं कधी पाहिलेलं नाही, पुढेही पाहणार नाही. गेओर्गला हे कधी कळतही नाही. भाषण नाही, पत्रक नाही, एका शेंबड्या पोरानं आपली आवडती वस्तू ओळखायचं नाकारलं.

फ्रिट्झ पुढच्या प्रकरणांतही तुकड्यातुकड्यांनी येतो, पण मी त्याची गोष्ट पहिल्याच दिवशी सलग सांगते. क्रम मोडतो हे खरं. पण गटातल्या माणसाला त्या दिवशी कळतं की या कादंबरीत पाहायचं काय. त्यानंतर एक वही काढा आणि तिच्यावर ‘मदत’ असं लिहा. दर गुरुवारी त्या प्रकरणात गेओर्गला कुणी, कसा, किती हात दिला ते तिच्यात मांडायचं. कळत, नकळत, सगळं. ज्यू डॉक्टर ल्योवेनश्टाइन हात धुऊन जखम बांधतो. ‘मी ज्यू आहे’ हे त्याला रोग्याला आधी सांगावं लागतं, आणि तो रोगी कोण असेल याचा अंदाज त्याला येतो. माइन्त्सच्या मोठ्या चर्चमध्ये गेओर्ग रात्र काढतो. मागे राहिलेलं त्याचं कपड्यांचं बोचकं एक पाद्री शेगडीत जाळून टाकतो. पाद्र्याला वहीत घ्यायचं की नाही यावर आमच्यात अर्धा तास वाद झाला, कारण त्यानं ते गेओर्गसाठी केलं की चर्चवरची भानगड टाळायला, हे पुस्तकात उघड लिहिलेलं नाही असं काहींचं म्हणणं. शेवटी पेन्सिलीनं लिहिलं.

चरित्र कुठे घालायचं

चरित्र पुडीत बांधून ठेवा आणि जिथं लागेल तिथं चिमूटभर काढा.

भिंतीवर नकाशाशेजारी मी दोन रकान्यांचा कागद लावते, डावीकडे झेगर्स आणि उजवीकडे गोवा. १९३३ हे साल दोन्हीकडे येतं. तिकडे हिटलर सत्तेवर आला, झेगर्सला काही काळ अटक झाली, तिच्या पुस्तकांवर बंदी आली. ती ज्यू होती, कम्युनिस्ट पक्षात होती आणि प्रसिद्ध होती. नवरा लास्लो राद्वान्यी हंगेरियन, मुलं दोन, पीटर आणि रूथ. स्वित्झर्लंडमार्गे ती पॅरिसला गेली. आणि त्याच १९३३ साली सालाझारनं पोर्तुगालमध्ये नवी राज्यघटना आणली, जिच्या राजवटीत आमचे आईवडील जगले. १९४३ हेही दोन्हीकडे आहे. त्या मार्चच्या एका रात्री मुरगाव बंदरात अडकून पडलेली एरेनफेल्स आणि इतर जर्मन जहाजं पेटली. त्याच जूनमध्ये मेक्सिकोत झेगर्सला एका वाहनानं उडवलं, डोक्याला जबर मार बसला, काही काळ स्मृती गेली. हा कागद लोक येता-जाता वाचतात, त्यावर वेगळं बोलावं लागत नाही.

तिसऱ्या गुरुवारी मात्र एक गोष्ट मुद्दाम सांगा. ही छावणी तिनं आतून पाहिलेली नव्हती. सुटून आलेल्या माणसांना तिनं पॅरिसमध्ये विचारून घेतलं आणि स्वतःचं माइन्त्स, त्याच्या गल्ल्या, नदीचं धुकं, सफरचंदांच्या बागा आठवून आठवून लिहिलं. आपल्या गावी परत जाता येत नाही अशा बाईनं गावाची प्रत्येक वाट कागदावर उतरवली आहे. हे कळल्यावर सांगणारे वर्णनं गाळायचे थांबले. हस्तलिखिताच्या थोड्याच प्रती होत्या, त्यांतली एक अमेरिकेला पोहोचली, आणि १९४२ साली पुस्तक इंग्रजीत बॉस्टनला आणि जर्मनमध्ये मेक्सिकोला निघालं. १९४४ साली फ्रेड झिनेमाननं त्यावर चित्रपट केला, त्यात स्पेन्सर ट्रेसी गेओर्ग झाला आहे. चित्रपट चांगला आहे, पण सातवा गुरुवार संपेपर्यंत दाखवू नका. एकदा ट्रेसीचा चेहरा पाहिला की सगळ्यांना नायकच दिसायला लागतो आणि वही बंद पडते.

कागदांचा खेळ

पाचव्या गुरुवारी कादंबरी तासभर थांबवून तिच्या दुसऱ्या कादंबरीतला, ‘ट्रान्झिट’मधला एक भाग आम्ही करून पाहतो. या गुरुवारची तयारी आदल्या दिवशी करा.

पार्श्वभूमी थोडक्यात. १९४० साली जर्मन सैन्य पॅरिसला पोहोचलं. तिच्या नवऱ्याला, राद्वान्यीला, फ्रान्समधल्याच ल व्हेर्नेच्या छावणीत डांबलेलं होतं. झेगर्स दोन मुलांना घेऊन दक्षिणेकडे, जर्मनांनी न व्यापलेल्या भागात गेली, आणि मग मार्सेयला. आमच्या गावाचं नाव कागदोपत्री इंग्रजीत ‘मार्सेल’ लिहितात, त्यामुळे इथं एक हसू फुटतंच, फुटू द्या. त्या बंदरात हजारो निर्वासित जहाजाची वाट पाहत होते.

आता पाच माणसांना पाच टेबलांवर बसवा. एक मेक्सिकोच्या वकिलातीतला अधिकारी, येण्याचा परवाना देणारा. दुसरा वाटेतल्या देशाच्या वकिलातीतला, फक्त जाऊ देण्याचा परवाना देणारा, म्हणजेच ट्रान्झिट. तिसरा जहाज कंपनीचा कारकून. चौथा फ्रान्स सोडायची परवानगी देणारा साहेब. पाचवा पोलीस, गावात राहण्याचा परवाना देणारा. तो परवाना त्यालाच मिळतो, जो लवकरच गाव सोडणार असल्याचा पुरावा दाखवील. प्रत्येक टेबलावरच्या चिठ्ठीला मुदत आहे, आणि बाकीच्या चिठ्ठ्या पाहिल्याशिवाय कुणीही आपली देत नाही. सहावा माणूस निर्वासित. त्याला वीस मिनिटं द्या. घड्याळाची दोन मिनिटं म्हणजे एक महिना धरा.

आमचा निर्वासित चौथ्या टेबलाशी पोहोचला तेव्हा त्याच्या पहिल्या चिठ्ठीची मुदत संपली होती. तो पुन्हा पहिल्या टेबलाशी गेला. हसणं तिथं थांबलं.

त्या दिवशी गटातले सर्वांत वडील, ऐंशी ओलांडलेले तात्या, स्वतःहून बोलले. १९५५ साली गोव्याची सीमा बंद झाली तेव्हा ते बारा वर्षांचे होते. त्यांची थोरली बहीण बांद्याला दिलेली. बांदा म्हणजे सीमेपलीकडचं पहिलंच मोठं गाव. आई गेली, निरोप पोहोचला, पण परवान्याचा कागद वेळेत झाला नाही. बहीण बाराव्याला नाही, पुढच्या श्राद्धाला आली. हे सांगून तात्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि मला म्हणाले, “तुमचं ते पुस्तक पुढं चालवा.”

अशा वेळी बोलणाऱ्याला बोलू द्या आणि नंतर लगेच पुस्तकावर या. स्वतःची आठवण काढायला कुणाला सांगू नका. ‘तुम्ही असता तर काय केलं असतं’ हा प्रश्न मी पहिल्या वर्षी विचारला होता. सगळ्यांनी शूर उत्तरं दिली आणि चर्चा तिथंच मेली.

तुलनेचंही पथ्य पाळा. मराठी शिकवायला गोव्यात आलेले मनोहर आपटे इथं मुक्तिलढ्यात मोहन रानडे या नावानं वावरले, ऑक्टोबर १९५५मध्ये बेतीला पकडले गेले आणि गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षं पोर्तुगालच्या तुरुंगात राहिले. ते सुटले जानेवारी १९६९मध्ये. त्याच लढ्यातल्या टी. बी. कुन्हांना पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात धाडलं होतं. नेटी रायलिंगनंही रानड्यांसारखं नाव बदललं, सतराव्या शतकातल्या एका डच चित्रकाराचं आडनाव घेतलं. ही नावं गटात येतात, यावीत. पण छळछावण्यांची आणि गोव्यातल्या आग्वादच्या तुरुंगाची बरोबरी कुणी करायला लागलं तर मी थांबवते. दोन्ही दुःखं खरी आहेत, आणि एकाचं मोजमाप दुसऱ्याला लावलं की दोन्हींचे तपशील पुसले जातात.

पाचवा गुरुवार संपवताना जहाजाचं नाव सांगा, ‘कापितेन पोल लमेर्ल’. मार्च १९४१मध्ये ते मार्सेयहून सुटलं. त्यावर झेगर्सचं कुटुंब होतं, मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्त्रोस होता, कवी आंद्रे ब्रतों होता. मार्तिनिक, मग आणखी ठिकठिकाणी अडकत शेवटी मेक्सिको.

पाउल र्‍योडरचं घर

सहाव्या गुरुवारी पाउल र्‍योडरला सगळा वेळ द्या. कारखान्यात काम करणारा, गेओर्गचा बालमित्र, राजकारणाशी देणंघेणं नाही. उलट नव्या राजवटीत काम आहे, पगार आहे, मुलांमागे भत्ता आहे, म्हणून खूश. बायको लीझलला पुन्हा दिवस गेलेत. गेओर्ग अचानक दारात येतो, पाउल त्याला आनंदानं जेवायला बसवतो. काय घडलं आहे ते त्याला ठाऊकच नसतं. मग गेओर्ग सांगतो, रेडिओवर ज्याचं नाव घेतात तो मीच.

आमच्याकडच्या बायकांनी या प्रकरणावर पुरुषांना बोलू दिलं नाही. पाउलनं मित्राला ठेवून घेतलं, धावपळ केली, ते ठीक. पण लीझलला त्यानं काय सांगितलं, केव्हा सांगितलं, पोलिसांनी त्याला बोलावल्यावर ती घरात मुलांसह कशी बसली असेल, हे त्यांना पानोपान वाचायचं होतं. मी बेत बदलला आणि दोनाऐवजी पाच पानं वाचली. तुमच्याकडेही असं झालं तर बेत बदला. वहीत पाउलच्या नावाखाली लीझलचं नाव वेगळ्या ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं.

सातवा गुरुवार, आणि जे लपवायचं नाही

शेवटच्या प्रकरणानंतर पुन्हा पहिली दोन पानं वाचा. नव्या कमांडंटनं ती झाडं तोडायला लावलेली आहेत आणि कैदी त्यांचीच लाकडं शेगडीत घालून शेकत बसले आहेत. सात आठवड्यांनी ती पानं वेगळी लागतात.

मग राहिलेलं चरित्र सांगा, आणि अप्रिय भागासकट सांगा. १९४७ साली झेगर्स बर्लिनला परतली, त्याच वर्षी तिला ब्युशनर पारितोषिक मिळालं. पुढे तिनं पूर्व जर्मनी निवडला आणि १९५२ ते १९७८ तिथल्या लेखक संघाची ती अध्यक्ष होती. १९५७ साली तिचा प्रकाशक वाल्टर यांका, मेक्सिकोतल्या निर्वासित दिवसांपासूनचा सोबती, याच्यावर सरकारनं खटला भरला. झेगर्स न्यायालयात हजर होती आणि गप्प राहिली. त्यानंतर तिनं एका प्रामाणिक न्यायाधीशाची गोष्ट लिहिली, ती खणात ठेवली, आणि ती छापून आली १९९० साली, तिच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी.

पोस्टमन काकांनी विचारलं, “तो जाकीटवाला पोरगा नाही म्हणाला. आणि ही?” दुसऱ्या एकीनं तिची बाजू घेतली. ज्या पक्षाच्या माणसांनी जीव वाचवला, त्यांच्याच सरकारविरुद्ध साठीला टेकलेल्या बाईनं उभं राहायचं म्हणजे काय, ते आपण इथं बसून काय सांगणार. माझं मत मी तिथं सांगितलं, इथंही सांगते. ती बोलायला हवी होती. तिच्याच पुस्तकानं मला असं म्हणायला शिकवलं आहे. पण हा भाग गाळून तिला देव्हाऱ्यात बसवणं मला जास्त वाईट वाटतं. गटाचं एकमत करायच्या फंदात पडू नका.

आठवा गुरुवार सुट्टीचा, आणि नंतर एक गोष्ट

एक आठवडा जाऊ द्या. मग ‘मृत मुलींची सहल’ ही तिची दीर्घकथा एकाच बैठकीत वाचा. हाही अनुवाद डेम्बो यांचाच मिळतो. ती तिनं मेक्सिकोत, त्या अपघातानंतर लिहिली. आजारातून उठलेली बाई रखरखीत उन्हात एका पांढऱ्या भिंतीच्या मळ्याकडे चालत जाते. आत शिरताना कुणीतरी तिला लहानपणच्या नावानं हाक मारतं, नेटी. आणि ती ऱ्हाइनकाठच्या शाळेच्या सहलीत असते, पहिल्या महायुद्धाआधीच्या. मुली सी-सॉवर आहेत, शिक्षिका कॉफी पिताहेत, आणि प्रत्येक मुलीच्या चेहऱ्याशेजारीच तिचं पुढे काय झालं तेही लिहिलेलं आहे. लेनी आणि मारियान अगदी जिवलग. पुढे लेनीला पकडल्यावर तिच्या मुलीला घरात घ्यायला मारियान नकार देते. शिक्षिकेनं निघताना काम दिलेलं असतं, सहलीचं वर्णन लिहून आणा. सगळ्या वर्गात ते लिहायला उरलेली एकटी नेटी.

शेवटी ती घरी येते. आई वर सज्जात उभी आहे, तिची वाट पाहते आहे, हात करते आहे. आमच्याकडे बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, उभं राहून शाळेतून येणाऱ्या पोरांची वाट पाहतात तशी. नेटी जिन्यापाशी येते आणि पाय उचलत नाहीत. पायऱ्या चढता येत नाहीत, जिना धूसर होत जातो.

वाचायला बसण्याआधीच गटाला एक गोष्ट सांगून ठेवा. झेगर्सच्या आईचं नाव हेडविग. लेक मेक्सिकोत होती, आईला बाहेर काढायचे प्रयत्न तिनं केले. मार्च १९४२मध्ये हेडविगना माइन्त्समधून पोलंडमधल्या पियास्कीला नेलं आणि त्या परत आल्या नाहीत. हे आधी सांगा, वाचून झाल्यावर नको. पहिल्या वर्षी मी ते शेवटी सांगितलं आणि लोकांना वाटलं, मी राखून ठेवलं होतं. आधी ठाऊक असलं की सज्जातली आई दिसल्याक्षणी माणसं वाचणाऱ्याच्या तोंडाकडे पाहायला लागतात, आणि वाचणाऱ्यालाही जिन्यापाशी सावकाश जाता येतं.